तीनचाकीचा ट्रेलर

"हणमा, पुढचं चाक काय खिशात घालून न्यायचं?" रमजाननं विचारलं.

तो तीनचाकीच्या सीटवर होता आणि सीट घसरगुंडीसारखी पुढे कलली होती. गाडी उलटी चढवली होती. मागची दोन्ही चाकं ट्रेलरच्या दोन लोखंडी पन्हाळ्यांत अशी नेमकी बसली होती, की एरवी मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली असती. पुढचं चाक मात्र खाली जमिनीवरच राहिलं होतं, ट्रेलरच्या आडव्या पट्टीला टेकून. त्याला वर यायला वाटच नव्हती. दोन पन्हाळ्यांच्या मधे नुसती हवा होती.

मोजमापं माझी होती. मागच्या चाकांमधलं अंतर मी टेप लावून घेतलं होतं, टायरची रुंदी घेतली होती, आणि कराड रस्त्यावरच्या त्या ट्रेलरवाल्याला फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की काळजी करू नका, आम्ही गाड्यांतलीच माणसं आहोत. गाडीला तिसरं चाक आहे आणि ते मधोमध आहे, एवढं मात्र डोक्यात आलं नव्हतं. मी उभा जन्म वडाप चालवलेला माणूस. विटा ते कराड, कराड ते विटा, जीपमध्ये माणसं कोंबायची आणि सोडायची. आमच्या डोक्यात चाकं जोडीनंच येतात.

ट्रेलरवाल्याची दोन माणसं तोंड फिरवून हसत होती. त्यांनी गाडी पुन्हा खाली उतरवली. रमजाननं कुबडी काखेत घेतली, ट्रेलरला एक फेरी मारली आणि म्हणाला, "छान हाय. पर आपल्या कामाचा न्हाई."

मी मनातून खूश झालो. ट्रेलर नाही मिळाला तर बरंच, असं मला त्या सकाळपासून वाटत होतं. ट्रेलर मिळाला की रमजान रत्नागिरीला जाणार होता, कायमचा.

रमजान मुलाणी म्हणजे आमच्या विट्यातला गॅरेजवाला. माझ्या जीपचं इंजिन त्यानं किती वेळा उघडलं असेल याची गणती नाही. एकदा जॅक सटकला आणि ट्रक त्याच्या पायावर आला. डावा पाय गुडघ्याखाली गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर सहा महिने तो कुणाशी बोलला नाही, आणि मग एके दिवशी त्यानं आपली जुनी मोटारसायकल उभी कापली. मागं रिक्षाचा अ‍ॅक्सल जोडला, गिअर हातात घेतले, आणि तीनचाकी मोटारसायकल करून तो थेट माझ्या दारात आला. पहिली फेरी माझ्याबरोबर मारायची म्हणून.

माझी अडचण वेगळी होती. फार वर्षांपूर्वी जीपच्या टपावर पोती बांधताना मी खाली पडलो होतो. तेव्हापासून माझा उजवा हात छातीच्या वर जात नाही आणि त्यात जोरही नाही. पुढच्याला धरून मागं बसायचं म्हणजे माझी कसरत. रमजाननं ते बघितलं आणि आठवड्याभरात मागची सीट उलटी करून आणली. आता मी मागं तोंड करून बसायचो आणि त्याच्या पाठीला माझी पाठ टेकायची. कशाला धरायची गरज नाही. लोक हसायचे. दोन म्हातारे एकमेकांवर रुसून निघालेत म्हणायचे.

तीनचाकीला आरसा नव्हता. पोलिसानं एकदा हटकलं तेव्हा रमजान म्हणाला, आरसा कशाला, हणमा हाय की. आणि खरंच तसंच चालायचं. दर थोड्या वेळानं तो विचारायचा, "मागं काय दिसतंय?" मी म्हणायचो, "काय न्हाई, रस्ताच हाय." कधी ट्रक असायचा, कधी उसाची ट्रॉली, मग तसं सांगायचं. बाकी बोलणंही असंच व्हायचं, पाठीला पाठ लावून. माझी बायको गेली तेव्हा मी रमजानपाशी रडलो ते त्याच सीटवर, खानापूरच्या रस्त्याला, त्याचं तोंड पुढे आणि माझं मागे. त्याची बायको गेली तेव्हा तोही तसाच काहीबाही बोलला. समोरासमोर बसलो की आम्हाला पावसापाण्याच्या पलीकडे विषय सुचायचा नाही.

मला मूलबाळ नाही. रमजानची एकच लेक, नसीमा, रत्नागिरीला दिलेली. जावई बंदरावर बर्फाच्या कारखान्यात. रमजानची साखर वाढली, डोळ्यांवर पडदा यायला लागला, तशी नसीमा हट्टाला पेटली, की अब्बा, आता एकटं राहायचं नाही. महिनाभर तो तिला टोलवत राहिला. मग एका संध्याकाळी माझ्या दारात येऊन इंजिन बंद न करताच म्हणाला, "मला तीनचाकी ट्रेलरवर घालून रत्नांग्रीला न्यायची हाय. तू ट्रेलर निवडायला चल."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार. त्या रात्री जेवण गेलं नाही. माणूस लेकीकडे जातो, त्यात वाईट काही नाही. पण तो गाडीही घेऊन निघाला होता, म्हणजे मागं काहीच ठेवणार नव्हता, असं मला वाटलं. विट्यात मला ओळखणारी माणसं पुष्कळ होती. ज्याच्या पाठीला पाठ टेकावी असा दुसरा कुणी नव्हता.

कराड रस्त्यावर फजिती झाल्यावर आम्ही तासगाव रस्त्याला धोंडीराम सुतार मिस्त्रीच्या शेडमध्ये गेलो. मिस्त्री लोखंडी दारं, पाण्याच्या टाक्यांचे गाडे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करायचा. बोलायला फटकळ, पण वेल्डिंग असं की सांधा शोधावा लागे. त्याच्याकडे एक तयार ट्रेलर होता, सपाट पत्र्याचा. तिन्ही चाकांना जागा होती. मला वाटलं, आता काही सबब उरली नाही.

पण रमजान एकदम चोखंदळ झाला. लग्नासाठी मुलगी बघायला आलेल्या मावशीसारखं त्यानं एकेक दोष काढायला सुरुवात केली. पत्रा जड आहे, म्हणाला. घाटात जीपला ओढवणार नाही, पत्रा काढून तीन पन्हाळी मारा. चढायची फळी आखूड आहे, तिचा चढ फार होतो, दुप्पट लांब करा. पुढच्या दांडीखाली एक छोटं चाक द्या, म्हणजे ट्रेलर हातानं ढकलून जीपच्या हुकाला नेता येईल. आणि गाडी वर ओढायला हातानं फिरवायचा विंच पाहिजे, तारेचा.

"एवढं कशाला?" मिस्त्री म्हणाला. "दोन माणसं लावली की गाडी वर जाती."

"दोन माणसं न्हाईत," रमजान म्हणाला. "एकट्या माणसाला जमलं पायजे. चढवायचं, उतरवायचं, जोडायचं, सगळं."

ते मला लागलं. एकट्या माणसाला. म्हणजे रत्नागिरीत जाऊन हा बाबा एकटाच भटकायचं ठरवून बसला होता, आणि त्याची तयारी मला शेजारी उभं करून चालली होती. मी बाहेर जाऊन बिडी ओढत बसलो. आत ग्राइंडर किरकिरत होता. त्या आवाजात ते दोघं बराच वेळ काहीतरी बोलत होते. मिस्त्री मधेच बाहेर येऊन माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून गेला. मला वाटलं, शेडमध्ये बिडी ओढू नका म्हणायला आला असेल.

मग त्यानं हुकाची उंची विचारली. ट्रेलर कुठल्या गाडीला लागणार? रमजान माझ्या जीपकडे बोट दाखवून म्हणाला, हिचीच उंची धर. जावयाच्या गाडीची धरायला पाहिजे, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण पोचवायला मीच जाणार होतो, एवढं तरी काम माझ्याकडे होतं.

ट्रेलर तयार व्हायला वेळ लागला. तेवढ्या दिवसांत आम्ही नेहमीसारखेच रोज संध्याकाळी फिरायला गेलो. तो विचारायचा, मागं काय दिसतंय, आणि मी सांगायचो. पण मी दुसरं काही बोललो नाही आणि त्यानंही बोलायला लावलं नाही. एकदा मात्र म्हणाला, "रत्नांग्रीला माज्याकडं येशील न्हवं?"

"येईन की," मी म्हणालो.

"काय काम काढून?"

तो मला ओळखून होता. मी कामाशिवाय कुणाच्या दारात जात नाही. सख्ख्या बहिणीकडेसुद्धा दळण पोचवायचं असलं, कुणाला सोडायचं असलं तरच जायचो, आणि चहा पिऊन लगेच निघायचो. बिनकामाचं जाऊन खुर्चीत बसलं की मला आपण कुणाची तरी जागा अडवतोय असं वाटतं. हा माझा स्वभावच आहे, आणि त्यानं माझं नुकसानच केलंय.

ट्रेलर आला तो रविवार होता. हिरवा रंग, तीन पन्हाळी, लांबलचक फळी. मी तो माझ्या अंगणात जीपला जोडून उभा केला. रमजाननं तीनचाकी फळीसमोर आणून लावली, उतरला, आणि माझ्या अंगणातली खुर्ची ओढून बसला.

"चढव," म्हणाला.

"तू चढव की. तुला एकट्याला जमतंय का ते बगायचंय न्हवं?"

"तू चढव. मी बगतो."

मी चिडूनच उठलो. विंचची तार सोडली, गाडीच्या पुढच्या दांड्याला अडकवली, आणि ट्रेलरच्या पुढे जाऊन विंचचा दांडा धरायला गेलो. उजवीकडे दांडा नव्हता. तो डावीकडे होता. शिवाय छातीच्या खालच्या उंचीवर, उभ्या माणसाला बेताचा. रमजानची कुबडी डाव्या काखेत असायची, तिथं उभा राहून दांडा फिरवायला त्याचा डावा हात मोकळाच राहिला नसता.

"मिस्त्रीनं घोळ घातला," मी म्हणालो. "विंच उलटा बसवलाय. परत न्यायला पायजे."

मला जरा बरंच वाटलं होतं. परत नेलं की आणखी आठवडा गेला.

"उलटा न्हाई," रमजान म्हणाला. "डाव्या हातानं फिरव."

मी डाव्या हातानं दांडा धरला आणि फिरवला. टिकटिक आवाज करत तार गुंडाळत गेली आणि तीनचाकी आपली आपण फळीवरून वर यायला लागली. पुढचं चाक मधल्या पन्हाळीत, मागची दोन बाजूच्या पन्हाळ्यांत. मला जोर करावा लागला नाही. दांडा सोडला तरी गाडी जागची हलली नाही. उजव्या हाताचं काही कामच पडलं नाही.

मिस्त्री त्या दिवशी बाहेर येऊन माझ्याकडे कशाला बघत होता ते तेव्हा कळलं. तो माझी उंची बघत होता.

रमजान उठला. कुबडी टेकत सावकाश फळीवरून वर आला, कारण फळीचा चढ त्यानं तेवढाच ठेवून घेतला होता, आणि तीनचाकीच्या सीटवर बसला. "बस मागं," म्हणाला.

"कुठं? गाडी ट्रेलरवर हाय."

"बस तर."

मी चढलो आणि माझ्या जागेवर बसलो. पाठीला पाठ लागली. समोर माझं अंगण, पाण्याची टाकी, शेजारच्यांची वाळत घातलेली चादर. कुठं जायचं नव्हतं.

"जावयाच्या बिल्डिंगीत गाडी ठिवू देत न्हाईत," रमजान बोलायला लागला. "आनि दर्याच्या वाऱ्यात लोखंड टिकत न्हाई. गाडी हितंच ऱ्हाणार, तुज्या पत्र्याखाली. वरसातनं एकदा तू ती ट्रेलरवर घालायची आनि रत्नांग्रीला घिऊन यायची. चार दिवस मी तुला फिरवणार. मग घिऊन जायाची."

मी विचारलं, "आदी का न्हाई सांगितलंस?"

"आदी सांगितलं असतं तर म्हनला असतास, गाडी कशाला ओढत आनू, मी येतो यष्टीनं. आनि आला नसतास, हणमा. लेकीच्या घरात नुस्तं येऊन बसायला तुला जमतंय व्हय? काम असलं की तू येतोस. म्हनून काम करून ठिवलं."

मी रडलो. लपवायचं काही कारण नव्हतं, त्याला दिसत नव्हतं. थोड्या वेळानं त्याची पाठही हलत असल्याचं जाणवलं. शेजारीण चादर काढायला आली, ट्रेलरवरच्या उभ्या गाडीवर दोन म्हातारे पाठीला पाठ लावून बसलेले बघून थबकली आणि चादर तशीच ठेवून आत गेली.

मग रमजाननं नाक शिंकरलं. "मागं काय दिसतंय?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "माजंच अंगान हाय."

तो त्याच आठवड्यात गेला, नसीमाच्या गाडीतून, एक ट्रंक आणि कुबडी घेऊन. तीनचाकी माझ्या पत्र्याखाली राहिली. संध्याकाळ झाली की मी तिच्यावरची धूळ पुसायचो आणि मागच्या सीटवर जरा बसून घरात जायचो. पाठीला काही टेकायचं नाही.

डिसेंबर लागला तसा मी निघालो. ट्रेलर ढकलत हुकाला लावला, विंच फिरवला, गाडी बांधली. कुणाला हाक मारावी लागली नाही. जीपला ओझं असलं तरी शेजारची सीट रिकामी होती. मलकापूर गेलं, आंबा घाट लागला. घाटात मी दर वळणाला जीपच्या आरशात मागं बघत होतो, गाडी नीट आहे का म्हणून. खाली उतरल्यावर साखरप्याला थांबून दोऱ्या पुन्हा आवळल्या.

रत्नागिरीत बिल्डिंगच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत रमजान बसला होता. नसीमा म्हणाली, काका, सकाळपासून बसलेत, जेवायलासुद्धा वर आले नाहीत. त्यानं मला कसा आहेस असं विचारलं नाही. नीट दिसत नव्हतं म्हणून डोळे बारीक करून विंचकडे बघितलं.

"डाव्या हाताला आला का?"

"आला की," मी म्हणालो.

मग त्यानं मला भाट्याच्या पुलावरून पावसच्या रस्त्याला नेलं. त्याच्या उजवीकडे समुद्र होता, मला तो डावीकडे, मागं जाताना दिसायचा. त्याच्या डोळ्यांना पुढचा रस्ताही धुरकट दिसत असणार. पुढचं मीच सांगावं म्हणून मी मान वळवायला लागलो, तर म्हणाला, पुढचं मी बगतो, तू मागचं बग.

अशी काही वर्षं गेली. शेवटी शेवटी तो फाटकापासून वळणापर्यंतच गाडी चालवायचा आणि तिथं थांबून बोलत बसायचा. त्या बोलण्यातलं बरंचसं मी कुणाला सांगितलेलं नाही.

रमजान गेला तो उन्हाळ्यात. नसीमाचा फोन आला, मी निघालो, पण पोचेपर्यंत माती झाली होती. बिल्डिंगच्या फाटकाशी ती खुर्ची तशीच होती. मी तिच्यावर बसलो नाही.

त्या डिसेंबरात ट्रेलर जोडावा की नाही, मी बरेच दिवस ठरवू शकलो नाही. मग एका सकाळी जोडला. काम होतं, ते करायला पाहिजे होतं. नसीमानं मला जेवायला वाढलं आणि काय काम काढलंत असं विचारलं नाही. दुपारी मी पहिल्यांदाच तीनचाकीच्या पुढच्या सीटवर बसलो. गिअर हातात, पायाला काही काम नाही. सावकाश भाट्याचा पूल ओलांडला.

पावसच्या रस्त्याला एका वळणावर मागून ट्रक आला. मला तो दिसला नाही. माझा खांदा वळत नाही आणि मान जेमतेम. अगदी जवळ आल्यावर त्यानं हॉर्न मारला आणि माझ्या कोपराला वारा लावून पुढे गेला. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागं काय आहे हे मला सांगायला कुणी नव्हतं.

विट्याला आल्यावर धोंडीराम मिस्त्रीकडे गेलो आणि तीनचाकीला आरसा बसवा म्हणालो. मिस्त्रीनं जुन्या सामानातून एक आरसा शोधून आणला आणि बसवला.

अजूनही डिसेंबरात मी जातो. पावसच्या रस्त्याला लागलो की आरशात बघतो. आधी मागची मोकळी सीट दिसते, आणि तिच्या पलीकडं रस्ता.

"काय न्हाई, रस्ताच हाय," मी सांगतो, आणि गाडी पुढं काढतो.